नववी 'ब'ची निवडणूक

मधली सुट्टी संपायला दहा मिनिटं होती. मगदूमांची जीप शाळेच्या आवारात शिरली, तशी खेळणारी मुलं आपोआप कडेला झाली. मी स्टाफरूमच्या खिडकीत उभी होते. डबा उघडून ठेवला होता, पण घास घेतला नव्हता. शनिवारी वर्गाच्या निवडणुकीचा निकाल लागला होता; आज सोमवार.

गुंडू शिपाई दारात आला. "तारळेकर बाई, मोठ्या सरांनी बोलावलंय. तुमच्या कपाटाची किल्ली घिऊन या म्हणालेत."

"किल्ली कशाला?"

"ते काय सांगितलं न्हाई. मगदूम आण्णा आत बसल्यात."

मुख्याध्यापक बिरनाळे सर स्वतःच्याच खुर्चीत अंग चोरून बसले होते. समोर शामराव मगदूम. शाळा समितीचे अध्यक्ष आणि गावातल्या सत्तर मागांचे मालक. यंत्रमागांच्या खडखडाटात आयुष्य गेलेली माणसं मोठ्यानं बोलतात. हे मात्र हळू बोलायचे, आणि ऐकणाऱ्याला पुढं वाकावं लागायचं.

"या बाई, बसा," ते म्हणाले. "पोरास्नी इलेक्शन शिकवलासा म्हणं."

"हो. नागरिकशास्त्रात धडा आहे."

"चांगलं केलासा. आमची सुवर्णा पडली."

"चोवीस विरुद्ध एकोणीस, आण्णा. चुरशीची झाली."

"ते मला गावानं सांगितलं. शनवारपास्नं चहाच्या टपरीवर एकच बोलणं हाय. मगदूमाला त्याच्याच जॉबरनं पाडलं." ते किंचित हसले. "मालनचा बाप, रामू लोहार, माझे माग दुरुस्त करतो. ठावं हाय न्हवं तुमास्नी?"

"माहीत आहे."

"तुमच्या वर्गात त्रेचाळीस पोरं. त्यातल्या सव्वीस जणांचे आईबाप माझ्याकडं कामाला. बाप मागावर, आई सुताच्या कांड्या भरायला. मला एवढंच बघायचंय, कुणाच्या पोरानं कुणाला मत दिलं."

"मतदान गुप्त होतं, आण्णा."

"गुप्त कसलं? मतपत्रिकेवर नंबर हाय, स्थळप्रतीवर त्योच नंबर हाय, आन् स्थळप्रतीवर पोराची सही हाय. नगरपालिकेला दोनदा उभा ऱ्हायलोय मी, बाई. दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवले की झालं."

मी बिरनाळे सरांकडे पाहिलं. ते टेबलावरच्या काचेखालचं वेळापत्रक वाचत होते.

ही गोष्ट १९८८ सालच्या जानेवारीतली, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका मागांच्या गावातली. बी.एड. होऊन मला दोन वर्षं पुरी होत आली होती आणि ही माझी पहिलीच नोकरी. नागरिकशास्त्र म्हणजे वीस मार्कांचा विषय. मुलं 'निवडणूक आयोगाची कार्ये लिहा' याचं उत्तर पाठ करायची, पेपरात ओकायची आणि विसरून जायची. मला ते बघवेना. मी ठरवलं की हा धडा शिकवायचाच नाही. घडवायचा.

तीन आठवडे नववी 'ब' नुसती पेटली होती. मुलांनी मतदार यादी केली, तिच्यावर हरकती घेतल्या, एकाचं आडनाव चुकलं म्हणून भांडण झालं. अर्ज आले पाच. छाननीत एक बाद झाला, दोघांनी माघार घेतली. उरल्या मालन लोहार आणि सुवर्णा मगदूम. मालननं चिन्ह घेतलं मागावरचा धोटा, सुवर्णाला मिळाली छत्री. आचारसंहिता मुलांनी स्वतः लिहिली: मतासाठी गोळ्या-बिस्किटं वाटायची नाहीत, कुणाला धमकी द्यायची नाही. निवडून येणारी मुलगी पुढचं वर्षभर वर्गाची प्रतिनिधी होणार आणि शाळा समितीच्या बैठकीत जाऊन मुलांचं म्हणणं मांडणार, हे बिरनाळे सरांकडून मी लेखी घेतलं होतं.

मालन चुणचुणीत. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसून निम्म्या वर्गाला गणितं समजावून द्यायची. तिचं प्रचाराचं भाषण दीड मिनिटाचं होतं. मुलींच्या बाजूचा नळ वाहता करायचा आणि वाचनालय रोज उघडायचं, एवढंच. सुवर्णा उंच, अबोल, दुसऱ्या बाकावर भिंतीकडे बसणारी. तिचा अर्ज घरून भरून आला होता आणि भाषण दिवाणजीनं लिहून दिलं होतं. ते तिनं मान खाली घालून वाचलं आणि जागेवर बसली. तिला उभं राहायचं होतं का, हे मी तिला विचारलं नाही. सव्वीस मुलांच्या घरी 'छत्री'चा निरोप गेला होता, हे मला फार नंतर कळलं.

मतदानाच्या दिवशी प्रयोगशाळेतून सिल्व्हर नायट्रेट आणून मी बोटाला शाई लावली. मतपत्रिका सायक्लोस्टाइल केल्या होत्या, पावतीपुस्तकासारख्या दोन भागांत: एक मतपत्रिका, दुसरी मुलाची सही घेऊन ठेवून घ्यायची स्थळप्रत. ऑफिसातलं नंबर उठवायचं यंत्र घेऊन दोन्ही भागांवर आकडे मारले. खऱ्या निवडणुकीत असतं तसं सगळं हवं होतं मला. मतमोजणी झाल्यावर मतपत्रिकांचं एक पाकीट आणि स्थळप्रतींचं दुसरं, दोन्ही लाख लावून बंद केली. फळ्यासमोर उभं राहून मुलांना सांगितलं, "आता तुमचं मत तुमच्याशिवाय कुणालाही कळणार नाही. मलासुद्धा नाही."

असा माझा रुबाब.

"बाई," मगदूम म्हणाले, "किल्ली आणलीया न्हवं?"

"आण्णा, ही मुलं आहेत. त्यांच्या आईबापांचा यात काय संबंध?"

"संबंध हाय. दिवाळीपास्नं रामू लोहार मागवाल्यास्नी घिऊन संघटना काढायचं बोलतोय. कोण त्याच्या बाजूला हाय, कोण माझ्या, मोठी माणसं तोंडावर सांगत न्हाईत. पोरं घरात जे ऐकत्यात तेच करत्यात. तुमी मला ऐता पंचनामा करून दिलासा."

बिरनाळे सर खाकरले. "आण्णासाहेब, हवं तर आपण असं करू, निवडणूकच रद्द—"

"रद्द नको सर. निकाल मान्य हाय मला. मला नावं पायजेत." मग माझ्याकडे वळून, त्याच हळू आवाजात ते म्हणाले, "मार्चमध्ये तुमास्नी कायम करायचा ठराव हाय. त्याच्यावर पयली सही माझी असती."

माझ्या आईनं तीन स्थळं परतवली होती ती 'कायम' या एका शब्दाच्या जोरावर. वडील म्हणायचे, मुलीला परगावी ठेवून लोकांची बोलणी कुठवर खायची? आई म्हणायची, मार्चपर्यंत थांबा. त्या खोलीत बसून मला त्या सव्वीस घरांची काळजी वाटत होती हे खरं. पण डोळ्यासमोर आला तो मार्च, हेही तितकंच खरं.

मी उठले. कपाट उघडून दोन्ही पाकिटं घेऊन आले. मगदूमांनी हात पुढं केला.

"नाही," मी म्हणाले. "मी मुलांना शब्द दिलाय. फोडायचंच असेल तर त्यांच्यासमोर, त्यांना सांगून फोडीन."

हे बोलताना मला आपण काहीतरी धीराचं करतोय असं वाटलं होतं.

मगदूमांनी क्षणभर विचार केला. "तसं करू. लपूनछपून करायला मी काय चोर न्हाई."

घंटा झाली होती. मी पुढे, मागे मगदूम, त्यांच्या मागे बिरनाळे सर, असे आम्ही नववी 'ब'त गेलो. मुलं उभी राहिली. खाली बसताना एरवी बाकांचा जो आवाज होतो तो त्या दिवशी झाला नाही. मुलांना सगळं कळलेलं होतं. मुलांना नेहमीच आधी कळतं.

मी टेबलावर दोन्ही पाकिटं ठेवली. हातातली पट्टी उगीचच सरळ केली.

"मुलांनो," मी म्हणाले, "अध्यक्षसाहेबांना निवडणुकीची कागदपत्रं तपासायची आहेत. त्यासाठी ही पाकिटं उघडावी लागणार आहेत. मी तुम्हाला जे सांगितलं होतं, ते..." पुढचं वाक्य मला जमलं नाही.

पहिल्या बाकावरच्या दोघींनी डाव्या हाताची बोटं मुठीत लपवली. शाई अजून गेली नव्हती. ती सगळ्यांच्याच बोटाला होती, तिच्यावरून काहीच कळणार नव्हतं. तरी त्यांनी लपवली.

मालन उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज ठीक होता.

"बाई, मी राजीनामा देते. मग निवडणूकच ऱ्हायली न्हाई. तपासायचं कारण न्हाई."

"तू बस पोरी," मगदूम म्हणाले. "तुझं काय चुकलं न्हाई. तू निवडून आलीस. तुला मी काय म्हणतोय का?"

"पर आण्णा—"

"बस म्हटलं न्हवं."

ती बसली. बिरनाळे सर दारातच थांबले होते, व्हरांड्यात एक पाय आणि वर्गात एक. सगळे माझ्याकडे बघत होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा हुंदका दाबत होता. त्याची आई मगदूमांकडे कांड्या भरायची आणि बाप घरी खोकत पडलेला होता. त्यानं मत कुणाला दिलं असेल हे मला न उघडताच कळलं.

"बाई," मगदूम म्हणाले, "उशीर होतोय."

मी स्थळप्रतींचं पाकीट उचललं. पट्टीची कड लाखेखाली घातली. मनात म्हणत होते, कुणीतरी काहीतरी करा. बिरनाळे सरांनी करावं, वीज जावी, कुणाला चक्कर यावी. कुणीच काही केलं नाही. मी पट्टी दाबली. लाख तडकली. तेवढासा आवाज, पण भिंतीपर्यंत गेला.

"आण्णा."

सुवर्णा उभी होती. तीन आठवड्यांत ती वर्गात आपणहून एकदाही बोलली नव्हती.

"आण्णा, फोडायचंच असंल तर पयल्यांदा एकतीस नंबर काढा."

मगदूमांना ते नीट ऐकू आलं नसावं. "काय?"

"एकतीस. त्यो माझा नंबर हाय. पयल्यांदा माझं बघा, मग बाकीच्यांचं."

"तुझं कशाला बघायचं? तुझं मला ठावं हाय की."

तिनं नजर खाली घेतली नाही. दोन्ही हात बाकावर टेकून ती बापाकडे बघत राहिली. बाकावरची कंपासपेटी बारीक वाजत होती. तेवढा एकच आवाज वर्गात होता.

मगदूमांना कळायला किती वेळ लागला, सांगता येत नाही. मी त्यांचा चेहरा बघत होते. आधी त्यावर नुसता वैताग होता. मग त्यांनी पाकिटाकडे पाहिलं, मग मुलीकडे, परत पाकिटाकडे. चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. साठ वर्षांचा माणूस एकदम थकल्यासारखा दिसायला लागला.

"खरं?" त्यांनी विचारलं. एवढ्या हळू, की मलाही वाकावं लागलं असतं.

सुवर्णानं मान हलवली.

काही मुलांना तेव्हा कळलं, काहींना नाही. मालनला कळलं. तिनं तोंडावर हात धरला.

मगदूमांनी माझ्या हातातलं पाकीट घेतलं. मला वाटलं, आता फाडून उघडतील. त्यांनी ते टेबलावर ठेवलं, दुसऱ्या पाकिटाशेजारी, कडा जुळवून. "दप्तर घे," ते मुलीला म्हणाले. ती दप्तर घेऊन त्यांच्या मागून चालत गेली. जीप सुरू झाली आणि गेली.

वर्गात कुणी हललं नाही. मग दारातले बिरनाळे सर आत आले. दोन्ही पाकिटं त्यांनी उचलली, मला काही न विचारता. घंटेच्या चौथऱ्यामागे गुंडू पालापाचोळा जाळायचा, तिथं गेले. खिडकीतून आम्हाला धूर दिसला. परत येऊन हात झटकत ते एवढंच म्हणाले, "इतिहासाचा तास आहे ना हा? घ्या मग." त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने होते.

मंगळवारी सुवर्णा आली नाही. बुधवारी नाही. गावात दर संध्याकाळी मी कुणाला कामावरून काढल्याची बातमी येते का याची वाट बघत होते. तशी बातमी आली नाही. पण सुवर्णासाठी तिच्या आत्याकडं सांगलीला स्थळ बघतायत, अशी एक आली. गुरुवारी शाळा सुटल्यावर मी थेट मगदूमांच्या घरी गेले. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं.

घराला लागूनच मागांची शेड होती. मगदूम बाहेर सुताच्या बाचक्यांवर बसले होते. मला बघून उठले नाहीत, पण बाजूची खुर्ची पुढं केली.

"कुणाला काढलं का हे बघायला आलासा?"

"नाही. सुवर्णाला शाळेत पाठवा म्हणायला आले."

त्यांनी बाचक्यातून निघालेला एक धागा बोटाला गुंडाळला. शेडमधून मागांचा आवाज येत होता.

"काढायचं म्हटलं," ते म्हणाले, "तर सुरवात घरातनंच करावी लागती. मग बाकीच्यास्नी कुठल्या तोंडानं काढू?" मग म्हणाले, "मी इचारलं तिला. मारलं न्हाई, बाई. हात उचलला हुता, पर मारलं न्हाई. इचारलं, का गं असं केलंस? तर म्हणाली, आण्णा, तुमी समद्या गावाला सांगितलासा कुणाला मत द्यायचं. मला इचारलासा का, तुला उभं ऱ्हायचंय का?"

मी मान खाली घातली. तो प्रश्न मीही तिला विचारलेला नव्हता.

"मालन तिला गणित शिकवती म्हणं सुट्टीत. मला ठावंच न्हवतं." त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "माझ्या घरात माझ्या इरोधात मत हुतं आन् मी गावात हुडकत हिंडत हुतो."

"ती हुशार आहे, आण्णा. तिला थांबवू नका."

"सोमवारी येईल. स्थळाचं तिच्या आत्याचं खूळ हाय, मी नको म्हणून कळवलंय." मग माझ्याकडे पहिल्यांदा सरळ बघत ते म्हणाले, "तुमचं मात्र मार्चला काय व्हायचं ते व्हईल. ते मला गिळवत न्हाई."

तसंच झालं. ठराव आला नाही. एप्रिलच्या तीस तारखेला मला मोकळं केलं. बिरनाळे सरांनी शिफारसपत्र मात्र असं लिहून दिलं, की त्यावर मला जूनमध्ये साताऱ्याकडे नोकरी लागली. आईनं आणखी दोन वर्षं वडिलांना थोपवून धरलं. मालन समितीच्या बैठकीला गेली आणि मुलींच्या बाजूचा नळ दुरुस्त झाला. नळाच्या ठरावावर पहिली सही मगदूमांची होती, असं तिनं मला पत्रात कळवलं. रामू लोहारची संघटना पुढच्या वर्षी झाली. सुवर्णा बी.कॉम. झाली आणि आता त्या शेडचा कारभार तीच बघते, असं ऐकून आहे.

मी एकोणतीस वर्षं सामाजिक शास्त्र शिकवलं. दर वर्षी निवडणूक घेतली. नवीन शिक्षक विचारायला यायचे, बाई, तुमचा वर्ग एवढा रंगतो कसा? मी त्यांना मतदार यादी कशी करायची, छाननी कशी घ्यायची, सगळं सांगायची. मतपत्रिकेवर आकडा घालू नका, हेही सांगायची. का, ते कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. कारण सांगायचं तर मला त्या गुरुवारचं सगळंच सांगावं लागलं असतं.

त्या गुरुवारी मी निघाले तेव्हा सुवर्णा मला फाटकापर्यंत सोडायला आली. आईची साडी नेसली होती, म्हणून एकदम मोठी दिसत होती. मागांचा आवाज इथवर येत होता. मी थांबले. तिला शाबासकी द्यायची, असं येताना ठरवलं होतं. पण तिच्या तोंडाकडे बघून ती देववेना.

"सुवर्णा," मी म्हणाले, "तुला खरं सांगते. तू उठली नसतीस तर मी ते पाकीट उघडून दिलं असतं."

तिनं फाटकाची कडी काढली. तिला राग आलेला नव्हता, आश्चर्यही वाटलेलं नव्हतं. गृहपाठ झाला का विचारल्यावर मुलं सांगतात, तशी ती म्हणाली,

"ठावं हुतं मला, बाई. म्हणून तर उठले."